नवसाची जास्वंद

लग्नाआधी मी संकरित कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर रोजानं जायची. दुपारी उद्या उमलणारी कळी सोलून तिच्यातला नर नखानं खरवडून टाकायचा, सकाळी दुसऱ्या जातीचं फूल तिच्यावर घासायचं आणि खूण म्हणून देठाला लाल दोरा बांधायचा.

पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमारास लग्न होऊन मस्तगडला आले. परसात मोरीच्या पाण्यावर तांबडी जास्वंद माजली होती. कपाशीची चुलत बहीणच ती! माझे हात शिवशिवले. माहेराहून पिवळी जास्वंद आणून डालड्याच्या डब्यात लावली. दोघींचं मिळून नारिंगी फूल काढते म्हटलं, तर नवरा हसला. "कळ्यांची लग्नं लावून राह्यली! मंग पोळ्या कोण लाटील?" मला असा राग आला! आता ते फूल निघालंच पाहिजे.

पण शेजारच्या काकू! रोज सकाळी आमचीच फुलं तोडून त्यांचे देव सजायचे, आणि त्यांच्या हाताला नेमकी मी परागण करून दोरा बांधलेलीच लागायची. दोन पावसाळे फुकट गेले. शेवटी मी थाप मारली, "काकू, दोऱ्याच्या फुलांना हात लावू नका, नवसाची हैत." धम्म घेतल्यापासून आमच्या घरात देव न्हाई की नवस न्हाई. सासऱ्यांनी ऐकलं असतं तर माझी धडगत नव्हती.

काकूंनी तोडणं बिलकुल थांबवलं. आठवड्यानं पाहते तर माझ्या दोऱ्यांत त्यांचाही एक दोरा, लेकीचं लग्न जमावं म्हणून! माझ्या दोऱ्यांपैकी एकाच फुलाला बोंड धरलं. ते पिकायची मी रोज वाट पाहायची. तेवढ्यात काकूंच्या लेकीचं पिंपळगाव रेणुकाईला जमलं अन् महिन्याभरात लग्नही लागलं. मी बाजारात गेल्ते, तेवढ्यात काकूंनी दोरा सोडला, पिकलेलं बोंड खुडलं आणि नवसाचं फळ म्हणून लेकीच्या ओटीत घातलं. मी बोंबलणार तरी कोणत्या तोंडानं? परसात बसून रडले.

दोन वर्षांनी काकू एक फूल घेऊन आल्या. नारिंगी! मधोमध लालभडक.

"लेकीच्या दारातलं," म्हणाल्या. "ओटीतल्या बिया तिनं तुळशीपाशी टोचल्या. गावच्या बाया दोरे बांधून राह्यल्या."

"काकू, मला एक फांदी आणा ना!"

"अगं, नवसाच्या झाडाची फांदी कोणी तोडू देईल का? तूही जाऊन दोरा बांधून ये."

सासऱ्यांना माहेरी जाते सांगून पिंपळगाव गाठलं. झाडाला दोरा बांधला, आणि बांधता बांधता वीतभर फांदी मोडून पदराखाली लपवली.

घरी आणून ती परसात खोचली, पुढच्या पावसाळ्यात तिला पहिलं फूल आलं. ते मी नवऱ्याच्या ताटात ठेवलं आणि पोळपाट त्याच्यापुढं सरकवला.