डोलिनाचं रविवारचं धुणं

डोलिना मॅकॉले घाबरली की रडत नाही, कामाला लागते. नवरा, मर्डो, समुद्रातल्या तेलविहिरीवर नोकरीला गेला तेव्हा तिने कोंबड्यांचं खुराडं रंगवलं. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पुन्हा रंगवलं. आमच्या लुईस बेटावर इतकं नटलेलं खुराडं दुसरं नाही, आणि आतल्या कोंबड्या अंडी द्यायचं नाव घेत नाहीत.

मी तिची समोरची शेजारीण, इशबेल. तिच्या घरात काय चाललंय ते मला तिच्याआधी कळतं, असं ती म्हणते. हे खोटं आहे. बरोबरीने कळतं.

त्या वसंतात बायकांच्या छातीत गाठबिठ आहे का ते तपासणारी गाडी बोटीतून आली आणि शाळेजवळ उभी राहिली. दर तीन वर्षांनी येते. आम्ही पन्नाशीच्या पुढच्या बायका एकेक करून आत जायचो आणि बाहेर येऊन चेष्टा करायचो. डोलिना शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. ती बाहेर आली ती हात झटकतच. ‘‘त्या यंत्रावरच्या पोरीला सांगून आले, बाई, मी पीठसुद्धा याहून मायेने दाबते!’’ आम्ही हसून हसून वाकलो.

पुढे एकेकीला ‘सगळं ठीक’ असं कळत गेलं. डोलिना काही बोलेना.

‘‘तुझंही ठीकच ना गं?’’ मी विचारलं.

‘‘मला काय धाड भरलीय?’’ असं म्हणून ती तरातरा घरात गेली.

मग शाळेत पोरांना रोज पुडिंग मिळायला लागलं. घरचे पडदे उतरले, गालिचे बाहेर आले, सासूच्या पेटीतल्या चादरी निघाल्या. खुराड्याला तिसरा रंग बसला. काहीतरी बिनसलंय हे मला तेव्हाच कळलं, पण डोलिनाला सरळ विचारायचं म्हणजे बंद दारावर डोकं आपटायचं. मी वाट पाहत बसले.

आणि मग तो रविवार उजाडला.

आमच्याकडे रविवार देवाचा, कामाला हात लावायचा नाही; जेवणातले बटाटेसुद्धा आदल्या दिवशीच सोलून ठेवलेले असतात. रविवारी धुणं वाळत घालण्यापेक्षा चर्चमध्ये दारू पिऊन नाचलेलं परवडलं. दारूला निदान माफी असते. मी आरशासमोर चर्चला जायची टोपी बसवत होते. सहज खिडकीबाहेर पाहिलं, तर डोलिनाच्या दोरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या चादरी. वारा सुरेख. चादरी अशा फडफडत होत्या की खालच्या गावालाही दिसाव्यात.

टोपी तिरकी तशीच ठेवून मी रस्ता ओलांडला. डोलिना तोंडात चिमटे धरून शेवटची उशीची खोळ लावत होती.

‘‘अगं बये, आज वार कोणता?’’

तिने माझ्या टोपीकडे पाहिलं. तोंडातले चिमटे गवतात पडले.

‘‘अरे देवा! काढते. लगेच काढते.’’

‘‘थांब! काढणं हेही कामच.’’

‘‘मग काय, राहू देऊ?’’

‘‘राहू दिलंस तर दिवसभर दिसेल.’’

‘‘मग काढू?’’

‘‘काढलंस तर काढताना दिसशील!’’

अशा आम्ही दोघी अक्कल गहाण टाकून उभ्या असताना वरून चर्चला निघालेली पहिली मोटार आली, आणि ती नेमकी रेचल-ॲन मावशीची निघाली. मावशी म्हणजे मर्डोची सख्खी मावशी, पण सगळं गावच तिला मावशी म्हणतं, आणि तिच्यासमोर सगळं गावच ताठ बसतं. एकदा पाद्रीबाबा रविवारी शीळ घालताना सापडले, तर तिने त्यांनाही सोडलं नव्हतं.

मोटार थांबली. काळी टोपी, काळे हातमोजे, आणि त्यामागे मावशी. ती फाटकातून आत आली आणि दोरीसमोर उभी राहिली.

‘‘डोलिना, हे काय मांडलंयस?’’

आणि डोलिना, जिला मी सासूच्या मयतातही रडताना पाहिलं नाही, ती उशीच्या खोळीत तोंड खुपसून हुंदके द्यायला लागली. ‘‘तपासणीवाल्यांनी मला परत बोलावलंय हो, मावशी. डाव्या बाजूला काहीतरी दिसलंय म्हणे. बुधवारी इन्व्हरनेसच्या मोठ्या दवाखान्यात जायचंय. मर्डोला सांगितलं नाही, कुणालाच नाही. रात्री झोप येत नाही, दिवसा बसवत नाही. वार कोणता ते खरंच लक्षात नाही राहिलं.’’

मला इतकं वाईट वाटलं, आणि इतका राग आला, की मी म्हणाले, ‘‘मी काय मेले होते का समोर?’’

मावशीने एक हातमोजा काढला. मग दुसरा. दोन्ही पर्समध्ये ठेवले. गवतातला चिमटा उचलला, फुंकर मारून साफ केला आणि मधल्या चादरीपाशी गेली.

‘‘ही तिरकी लावलीयस,’’ ती म्हणाली. ‘‘अशीच वाळली तर कोपरा लोंबेल.’’

तिने चादर सोडवली, झटकली, नीट लावली. रस्त्यावरून चर्चच्या मोटारी हळूहळू जात होत्या. प्रत्येक खिडकीत एकेक टोपी आमच्याकडे वळत होती.

‘‘मावशी, लोक बघतायत,’’ मी कुजबुजले.

‘‘बघू देत. गरजेचं आणि दयेचं काम रविवारीही चालतं. धर्मात आहे. दे ती खोळ इकडे.’’

बुधवारी सकाळच्या बोटीत आम्ही तिघी. मावशीने थर्मासमध्ये सूप आणलं होतं आणि डोक्यावर तीच काळी टोपी होती. दवाखान्यात डोलिनाला आत नेलं. पुन्हा फोटो झाले, मग सोनोग्राफी. बाहेर मावशी दाराकडे टक लावून बसली होती. मी सूप पुढे केलं, तर म्हणाली, ‘‘ती येऊ दे.’’ मी तिचा हात धरला. तिने धरू दिला, याचीच मला जास्त भीती वाटली.

डोलिना बाहेर आली तेव्हा ब्लाउजची बटणं वरखाली लागली होती. ‘‘पाण्याची गाठ!’’ ती ओरडली. ‘‘नुसतं पाणी! सुई घालून काढलंसुद्धा! काही नाही म्हणाले!’’ मी तिच्या गळ्यात पडले, आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो.

मावशी हसली नाही. टोपी काढून तिने मांडीवर ठेवली, रुमालाने डोळे पुसले, नाक शिंकरलं. टोपीशिवाय ती कुणीतरी छोटीशी म्हातारी दिसत होती. मग टोपी पुन्हा चढली.

‘‘बटणं नीट लाव,’’ ती म्हणाली. ‘‘आणि येत्या रविवारी ती दोरी मला रिकामी दिसली पाहिजे.’’

रविवारी उठल्याउठल्या मी खिडकीशी गेले. वारा सुरेख होता, आणि दोरी रिकामी होती. दोरीपलीकडच्या घरात डोलिना अजून झोपली होती.