पंधरावा नियम

व्हर्लिन स्ट्राउडला चौसष्ट मुली होत्या आणि त्यातल्या एकीलाही तिनं जन्म दिला नव्हता. मिसिसिपीतल्या एका कॉलेजगावात, मुलींच्या भगिनीमंडळाच्या, म्हणजे सोरोरिटीच्या, राहत्या घरात ती अकरा वर्षं घरमाता होती. मंडळाची अक्षरं छापलेला सदरा अंगात असताना प्यायची नाही असा नियम होता; तो घालून कुणी अंगणात बिअर पिताना दिसली की ती खिडकीतूनच ओरडायची, "अगं ए, एकतर सदरा काढ नाहीतर ग्लास ठेव! आणि सदरा काढू नकोस!"

मुलींच्या आयांचे फोन यायचे. "जेवते ना हो नीट?"

"अगदी पोटभर," व्हर्लिन बिनदिक्कत सांगायची. समोर ती पोरगी डब्यात हात घालून कोरडे कॉर्नफ्लेक्स बोकाणत असायची.

मंडळाचे सगळे नियम तिला तोंडपाठ होते, पण त्याच नियमांनी तिला बाहेर ठेवलं होतं. दीक्षा घेतलेली तीच भगिनी, आणि व्हर्लिन तर कॉलेजातच गेली नव्हती. एकोणिसाव्या वर्षी ती याच घरात भांडी घासायची. कुणा मुलीचं लग्न ठरलं की दिवाणखान्याचे पडदे ओढून सगळ्या गोल उभ्या राहत, पेटती मेणबत्ती हातोहात फिरे आणि जिचं ठरलं ती फुंकर मारी. तोवर कुणालाच पत्ता नसे, आणि मग सगळ्या मिळून तिला उचलून वर न्हाणीघराकडे नेत. व्हर्लिन ते दाराच्या फटीतून बघायची. तिचं स्वतःचं लग्न कोर्टात सात मिनिटांत उरकलं होतं. तो नवरा जाऊनही आता पंधरा वर्षं झाली होती.

मग होइट आला. आग विझवायची नळकांडी तपासणारा. वर्षातून एकदा तपासायची नळकांडी तो दर महिन्याला तपासू लागला.

"आपल्या घराला आगीचा फारच धोका दिसतोय," मुली म्हणायच्या.

फेब्रुवारीत त्यानं लग्नाचं विचारलं. हिनं हो म्हटलं आणि अध्यक्ष लार्किनच्या दाराखालून निनावी चिठ्ठी सरकवली: रविवारी दुपारी मेणबत्ती लावावी. एकदा तरी त्या रिंगणात उभं राहायचं होतं तिला.

रविवारी पडदे ओढले गेले.

"ब्रॅनिगन, तूच असणार!"

"मी? वेड लागलंय का? त्याला सप्टेंबरातच हाकललाय."

"मग हसतेस कशाला?"

"तुझं तोंड बघून."

"शांत बसा!" टिन्सली गरजली. ही मंडळाची शिस्तप्रमुख. नियमांचं पुस्तक उशीखाली घेऊन झोपते, असं तिच्याबद्दल म्हणत.

व्हर्लिन रिवाजाप्रमाणे रिंगणाबाहेर, स्वयंपाकघराच्या दाराशी होती. पहिल्या फेरीत आत शिरायचं ठरवलं होतं, पण पाय हलेनात. दुसरी फेरीही तशीच गेली. मेण ओघळून मुलींची बोटं भाजू लागली.

"कुणीतरी थट्टा केलीय," टिन्सली म्हणाली. "सापडली तर तीन पार्ट्या बंद. लार्किन, विझव ती."

लार्किननं गाल फुगवले.

"थांब गं!" व्हर्लिन दोघींना कोपरानं ढकलून आत घुसली आणि तिनं अशी फुंकर मारली की मेणाचे शिंतोडे लार्किनच्या मोत्यांच्या माळेवर उडाले.

कुणीतरी पडदा सारला.

"मिस व्हर्लिन," टिन्सली म्हणाली, "नियम चौदा. मेणबत्ती भगिनीनंच विझवायची."

"माहीत आहे गं बाळा. मी आपली..."

"मला बोलू द्या. म्हणजे जिनं विझवली ती भगिनीच असली पाहिजे. नाहीतर नियम मोडला असं मला लिहावं लागेल, आणि माझ्या वर्षात मेणबत्तीचा नियम मोडलेला मला चालणार नाही." तिनं घसा साफ केला. "आणि भगिनी म्हटलं की नियम पंधरा आलाच."

व्हर्लिनला पंधरावाही पाठ होता. ती जी सुटली ती थेट मागच्या दाराकडे. "अगं, कालच केस बसवून आणलेत! सोडा, सटव्यांनो!"

चौसष्ट मुलींपुढे एकसष्ट वर्षांची बाई पळून पळून कितीशी पळणार? बुटांसकट, रविवारच्या चर्चच्या पोशाखासकट तिला उचलून वरच्या न्हाणीघरात नेली आणि शॉवरखाली उभी केली.

"गरम तरी सोडा गं!" ती किंचाळली.

"नियमात गारच लिहिलंय," टिन्सली म्हणाली आणि तिनं तोटी पुरती फिरवली.