मानाच्या खोलीचं ऑडिट

मी भिंतीचं तापमान मोजत होते आणि अव्वा पलंगावर बसून बॅग भरत होत्या. लातूरमधल्या एका नव्या दुमजली घराची ही वरची खोली. अव्वा म्हणजे घराचे मालक शिवराजअप्पा यांच्या आई. उदगीरकडच्या लिंगायत घरांत कानडी वळणाने आईला अव्वा म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी उदगीरहून गाडी घेऊन येणार होती. तिच्याकडे त्या कायमच्या राहायला निघाल्या होत्या.

अनया, रोहन, माझ्या नातवंडांनो, यात विशेष काय ते तुम्हाला लगेच कळणार नाही. तुमच्या तिकडे परदेशात आई मुलाकडे राहते की मुलीकडे, याची चौकशी कोणी करत नाही. इथे करतात. मुलाचा बंगला उभा असताना आई लेकीच्या सासरी राहायला गेली, तर अख्खा बाजार विचारतो की घरात झालं तरी काय. शिवराजअप्पांची मोंढ्यात, इथल्या धान्यबाजारात, आडत आहे, म्हणजे शेतकऱ्यांची तूर आणि सोयाबीन व्यापाऱ्यांना विकून देण्याचं दुकान. तिथे सगळं नावावर चालतं. आई सांभाळता आली नाही, हे नाव त्यांना नको होतं. शिवाय आई त्यांना खरोखर हवी होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आम्ही मात्र तिथे भांडण मिटवायला गेलो नव्हतो. आमचं काम होम इन्स्पेक्शनचं. नवं घर बांधल्यावर पहिलं वर्षभर त्यातले दोष दुरुस्त करून देण्याची जबाबदारी कॉन्ट्रॅक्टरची असते. ते वर्ष संपण्याआधी शहाणे लोक घर तपासून घेतात. भेगा, ओल, नळ, वायरिंग. नांदेडला शैलेश सरांची ही छोटी फर्म आहे. ते सिव्हिल इंजिनिअर, वयाने तुमच्या बाबांएवढे. मी इलेक्ट्रिकल. वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर मी त्यांच्याकडे जाऊ लागले. मी त्यांना सर म्हणते, ते मला मॅडम म्हणतात. कामाच्या ठिकाणी वय मध्ये आणू नये.

या इन्स्पेक्शनला एनर्जी ऑडिट जोडावं, असं मी बरेच दिवस म्हणत होते. एनर्जी ऑडिट म्हणजे घर वीज कुठे खातं आणि का खातं याची तपासणी. थंड देशात घरातली ऊब बाहेर जाते का ते पाहतात. मराठवाड्यात प्रश्न उलटा आहे. इथे बाहेरची आग कुठून आत शिरते ते शोधायचं. सरांना ते पटत नव्हतं.

"मॅडम, लोकांना भेग दिसते. उष्णता दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीत क्लायंटला काय रस?"

"सर, लोक भेगांत राहत नाहीत. खोल्यांत राहतात."

शेवटी त्यांनी लातूरचं हे एक घर मला दिलं. क्लायंट वैतागला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, अशी अट घातली.

एप्रिल संपत आला होता. आम्ही सकाळीच पोहोचलो. अप्पांची बायको, महादेवी वहिनी, आम्हाला घर दाखवत होत्या. वरच्या खोलीशी आल्यावर त्यांचा आवाज बदलला. ही घराची नैऋत्येची खोली, म्हणजे दक्षिण आणि पश्चिम यांच्या कोपऱ्यातली. वास्तुशास्त्रात हा कोपरा घरातल्या वडीलधाऱ्याचा. म्हणून अप्पांनी तो आईला दिला होता. सागवानी पलंग, बाथरूम, एसी, रस्त्याच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच. घरातली सगळ्यात मोठी खोली.

"आमच्या खोलीत एसी न्हाई, कूलर हाय," वहिनी म्हणाल्या. "अव्वाला सगळं दिलं. तरी दुपारी जिन्यात चटई टाकून झोपतेत. कामवाली बघती, शेजारीण बघती. मी काय तोंड दावू लोकांला?" मग त्यांनी रिमोट माझ्यासमोर धरला. "बघा, अठरावर ठिवलाय. आणखी किती गार पायजे?"

अव्वा नातवाच्या जुन्या शालीची घडी घालत होत्या. का जाता, असं मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "करमत न्हाई." सगळ्यांना त्या एवढंच सांगत होत्या. त्यामुळे सगळ्यांचं एकमत झालं होतं की सासू-सुनेचं बिनसलं आहे.

मी इन्फ्रारेड थर्मामीटर काढला. पिस्तुलासारखं यंत्र असतं. भिंतीवर रोखलं की भिंतीचं तापमान दाखवतं. कोविडच्या दिवसांत कपाळावर रोखायचे, त्याचाच हा भाऊ. वहिनींनी तो ओळखला. "भिंतीला ताप आलाय का बघायलाव?" म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

भिंतीला ताप नव्हता. चारही भिंतींचे आकडे जवळपास सारखे आणि अगदी सभ्य. शैलेश सरांनी दारातून ते ऐकलं. त्यांचं काम संपत आलं होतं. कोपऱ्यात एक बारीक भेग आणि बाथरूममध्ये थोडी ओल, बाकी घर उत्तम.

मी गच्चीवर गेले. अव्वांच्या खोलीच्या बरोबर वर काळी पाण्याची टाकी होती. वास्तूप्रमाणे तीही नैऋत्येलाच. बाकी स्लॅब उघडा. खाली येऊन रस्त्यावरून घर पाहिलं. पश्चिमेची भिंत काळ्या ग्रॅनाइटने मढवलेली. काच पक्की बसवलेली, न उघडणारी, आणि तिच्यावर छज्जाही नाही. एसीचा बाहेरचा भाग म्हणजे आऊटडोअर युनिट. खोलीतली उष्णता बाहेर फेकण्याचं काम त्याचं. ते दिसू नये म्हणून समोर शोभेचं पॅनेल ठोकलेलं. बिचारं युनिट स्वतःचाच गरम श्वास पुन्हा ओढत होतं.

सर गाडीपाशी उभे होते. संध्याकाळच्या आत अहमदपूरचं एक घर पाहायचं होतं.

"सर, मी थांबते. ही खोली मला दुपारी मोजायची आहे."

"मॅडम, आकडे नॉर्मल आहेत. आपण घर तपासायला आलोय, घरचं भांडण नाही."

"सूर्य अजून पूर्वेला आहे. पश्चिमेच्या भिंतीची परीक्षा सुरूच झालेली नाही."

ते हसले नाहीत. तुम्ही एसटीने या, म्हणाले आणि निघून गेले. ते माझ्यावर चिडले होते आणि त्यात चूक काही नव्हती. त्यांचं वेळापत्रक मी मोडत होते.

दुपारी जेवणं झाल्यावर अव्वांनी खरंच जिन्याच्या वळणावर चटई टाकली. मी पायरीवर त्यांच्याशेजारी बसले. गरम होतं का, असं मी विचारलंच नाही. तसं विचारलं की बायका नाही म्हणतात. मी विचारलं, "अव्वा, पलंगावर पडलं की अंगाला आधी कुठं लागतं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "डावी कूस," म्हणाल्या. "अन् वरून कपाळ."

अव्वा दक्षिणेला डोकं करून झोपत. म्हणजे उताणं पडल्यावर डाव्या हाताला पश्चिमेची भिंत आणि वर स्लॅब. माझ्या यंत्रानेसुद्धा इतकं नेमकं सांगितलं नसतं. एसी खोलीतली हवा गार करतो. पण तापलेली भिंत आणि छत अंगावर थेट उष्णता फेकत राहतात. चुलीशेजारी बसून पंखा लावला तर वारा लागतो, पण चुलीकडची बाजू भाजायची ती भाजतेच.

"मग अप्पांना सांगितलं का नाही?"

अव्वांनी जिन्याखाली एकदा बघून घेतलं. "पोरानं मानानं दिली खोली. चार माणसांत सांगतो, आईला सगळ्यात भारी खोली दिली म्हून. ती तापती म्हणलं तर त्याच्या घराला नाव ठिवल्यासारखं व्हतंय. अन् बोल लागंल सुनंला. त्यापरीस पोरीकडं गेलेलं बरं." मग म्हणाल्या, "तुमी पण सांगू नका, बाई."

मी म्हटलं, "मी तुमचं नाव घेत नाही. खोलीलाच बोलू दे."

मी अप्पांना फोन करून चार वाजता घरी बोलावलं. ऐन लिलावाच्या गडबडीतून आलेला माणूस, तोंड वाकडं होतं.

"काय सापडलं, मॅडम? बाजार टाकून आलोय."

"पाय धुऊन या आणि अव्वांच्या पलंगावर आडवे व्हा. उशी दक्षिणेला. मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. पण माझे केस पांढरे आहेत आणि मराठवाड्यात त्याचा अजून उपयोग होतो. ते आडवे झाले. एसी चालू, रिमोटवर अठरा. वहिनी दारात, मी खुर्चीवर. थोड्या वेळाने अप्पांनी डाव्या दंडावर हात फिरवला. मग कूस बदलली. पुन्हा बदलली. शेवटी माझी परवानगी न घेता उठून बसले, भिंतीला तळवा टेकवला आणि झटकन मागे घेतला.

"आग हाय ही."

वहिनींनी माझ्या हातातून थर्मामीटर घेतला आणि स्वतःच भिंतीवर रोखला. मग छतावर. मग समोरच्या पूर्वेच्या भिंतीवर. पश्चिमेची भिंत तिच्यापेक्षा पंधरा अंशांनी गरम होती. या वेळी त्या हसल्या नाहीत. मी त्यांना रिमोटचंही सांगितलं. त्याच्यावरचा आकडा खोलीचं तापमान नसतो. ती आपण एसीला केलेली विनंती असते.

अप्पा पलंगाच्या कडेवर बसून राहिले. "मी रोज सकाळी विभूती लावून हितं येतो," ते म्हणाले. "अव्वाच्या पाया पडतो, घडीभर बसतो. गार असती खोली."

"सकाळी ऊन पलीकडच्या बाजूला असतं, अप्पा. दुपारी तुम्ही मोंढ्यात असता."

वहिनी जिन्यात गेल्या. त्यांनी अव्वांची चटई गुंडाळली आणि त्यांना हाताला धरून खाली स्वतःच्या खोलीत, कूलरपुढे नेऊन निजवलं.

अप्पांनी तिथूनच कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. त्याचं म्हणणं होतं की आजकाल सगळे असंच एलिवेशन, म्हणजे घराचा दर्शनी भाग, करायलेत, काच अन् ग्रॅनाइट तर तुम्हीच फोटो दाखवून मागितलं. ते खरं होतं, त्यामुळे फोन लवकर संपला. मग अप्पा माझ्याकडे वळले.

"खोली बदलता येत न्हाई, मॅडम. टाकी पण हालवता येत न्हाई. वास्तूवाल्यानं बसवून दिलंय."

मी वास्तूवर वाद घातला नाही. सूर्य कुठे मावळतो, याबद्दल वास्तूवाल्याचं आणि माझं एकमत होतं. "खोली तिथेच राहू दे," मी म्हटलं. "टाकीही राहू दे. मान तसाच ठेवू. ऊन तेवढं बाहेर थांबवू."

उपाय साधे होते. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा लावून उपयोग नसतो, ते बाहेरच अडवावं लागतं. रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी शेडनेट लातूरच्या शेतीच्या दुकानात सहज मिळते. मोंढ्यातून दोन हमाल आले आणि दिवस मावळायच्या आत त्यांनी ती गच्चीपासून खालपर्यंत ताणून बांधली. आऊटडोअर युनिटसमोरचं पॅनेल काढलं. मी क्लॅम्प मीटर लावला. तो वायरला चिमट्यासारखा धरला की यंत्र किती वीज ओढतं ते कळतं. एसीचा आकडा तिथल्या तिथे उतरला. अप्पांनी तो दोनदा पाहिला.

वहिनी रस्त्यावर जाऊन घर बघून आल्या. "दारात नर्सरी टाकल्यागत दिसायलंय," म्हणाल्या. पण काढा म्हणाल्या नाहीत.

पक्कं काम मी रिपोर्टमध्ये लिहून दिलं. काचेपुढे आणि ग्रॅनाइटपुढे पांढरी जाळी, काचेच्या जागी उघडणाऱ्या खिडक्या, आणि स्लॅबवर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा थर, म्हणजे ऊन वरच्यावर परत जातं. अव्वांचं नाव त्यात कुठेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी गाडी घेऊन आली. वहिनींनी मला फोनवर सगळं सांगितलं. अव्वा तिला म्हणाल्या, चार दिवस दम धर, मला तुझा भाऊ अन् वहिनी सोडंनात. मुलगी पोटभर जेवली आणि तुरीच्या डाळीचं पोतं गाडीत टाकून एकटीच परत गेली.

मे महिन्यात काम झाल्यावर मी पुन्हा मोजायला गेले, दुपारी चारलाच. जाळी बसली होती, स्लॅब पांढरा झाला होता. एसी बंद होता. पंखा चालू होता आणि अव्वा पलंगावर डाव्या कुशीवर गाढ झोपल्या होत्या. भिंतीपर्यंत जायचं तर त्यांना उठवावं लागलं असतं. वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं. मी यंत्र पिशवीत टाकलं आणि दार ओढून घेतलं. नोकरीत मी मोठी सबस्टेशनं चालू केली आहेत, तेव्हा फीत कापायला मंत्रीही आले होते. पण मला जास्त अभिमान त्या ओढून घेतलेल्या दाराचा आहे.

आता आमच्या प्रत्येक होम इन्स्पेक्शनमध्ये एनर्जी ऑडिट असतं. परवा बिलोलीच्या एका क्लायंटला शैलेश सर सांगत होते, "आम्ही तर हे पहिल्यापासून करतो." मी मान डोलावली. चांगल्या कल्पनेला दुसरे वडील मिळाले, तर आईने हरकत घेऊ नये.

तुम्ही दोघं कधी घर घ्याल तेव्हा एवढं लक्षात ठेवा. ते ज्या वेळी छळू शकतं त्या वेळी जाऊन बघा. तुमच्याकडे ऐन जानेवारीच्या पहाटे, आमच्याकडे मे महिन्यातल्या दुपारी. एजंट नेहमी सोयीची वेळ देतात, आणि सोयीच्या वेळी सगळीच घरं चांगली असतात.