काय म्हनती ड्यूटी?

"काय म्हनती ड्यूटी?"

सकाळी जिनिंगच्या ऑफिसात पाय ठेवला की मामांचा हा पहिला प्रश्न. आपण आजारी माणसाची चौकशी करतो ना, अगदी त्या आवाजात. विचारताना हात रिकामे नसायचे. कापसाची चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, तुटलेला धागा उजेडाकडे धरायचा, पुन्हा जुळवून पुन्हा ओढायचा. कापूस नसला तर माझ्या टेबलावरच्या फडक्याचा दोरा काढायचा.

आमची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना, जिंतूरच्या बाहेर, रस्त्याला लागून. मामा तिथले ग्रेडर. गाडी आली की चिमूट ओढून कापूस एक नंबर का दोन नंबर ते सांगणार, आणि त्यावरून भाव लागणार. मी कॉम्प्युटरवर. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, हे मी कुणी न विचारताही सांगते. मामा चौथी शिकलेले. मला नावानं कधी बोलावलं नाही. "ए बीकॉम!"

ड्यूटी म्हणजे परदेशातून येणाऱ्या कापसावरचा आयात कर. तो असला की बाहेरचा माल महाग पडतो आणि सूतगिरण्या आपल्या गाठी घेतात. तो उठला की आपल्या गाठी गोदामात पडून राहतात आणि भाव घसरतो. हे मामांना माझ्याआधी ठाऊक होतं. फक्त सरकारी कागद वाचता येत नव्हता. त्याच्यासाठी मी.

एकदा टीव्हीवर अँटी-डम्पिंगची बातमी लागली. मी समजावलं, एखादा देश आपला माल त्याच्या घरच्या भावापेक्षाही स्वस्तात इथे आणून ओततो, मग सरकार त्यावर वेगळी जादा ड्यूटी लावतं. मामा म्हणाले, "म्हंजे शेजारणीनं आपल्या दारात केर लोटला की आपन चार शब्द जास्तीचे सुनावतो, तसं." माझ्या सरांनी तासभर घेतला होता याला.

मामा बसायचे नाहीत. खुर्ची दिली तर तिच्या पाठीवर हात ठेवून उभे. वजनकाट्यापासून ऑफिस, ऑफिसपासून फाटक. चपलेची टाच नेहमी झिजलेली.

"मामा, बसा की जरा."

"मी बसल्यावर ड्यूटी बसती का जाग्यावर?"

त्या वर्षी दसऱ्याआधी ड्यूटी उठली. सवलत महिनाअखेरीपर्यंत, असं कागदात होतं. मी वाचून दाखवलं.

"म्हंजे फुडल्या म्हैन्यात परत लागनार?"

"हो."

"पक्कं?"

"सरकारी कागद आहे मामा. पक्कं."

अशा वेळी माझ्या आवाजात जरा पदवी येते.

मामांनी माझ्यासमोरच व्याह्यांना फोन लावला. मामांची मुलगी त्यांच्या घरी, ताडकळसकडे दिलेली, लग्नाचं पहिलंच वर्ष. "व्याही, म्हैनाभर कापूस इकू नका. माझी जबान हाय."

महिना संपायला दोन दिवस होते आणि दुसरा कागद आला. सवलत आणखी दोन महिने वाढवली होती. भाव अजून उतरला. त्यातच अवकाळी पाऊस झाला आणि व्याह्यांनी कापूस रचलेल्या पत्र्याच्या खोलीत पाणी शिरलं. मामांनी सकाळी विचारणं बंद केलं. फाटकापर्यंतच्या खेपा मात्र वाढल्या.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा व्याही टेम्पो घेऊन आले. कापूस पिवळट पडलेला, दुरूनही दिसत होता. ते एवढंच म्हणाले, "सूनबाईला आमी काई बोललो न्हाई. पर तुमच्या शब्दावर थांबलो व्हतो, व्याही."

नात्यातल्या माणसाचा माल ग्रेडरनं पाहायचा नाही, दुसऱ्याला पुढं करायचं, असा आमच्याकडचा रिवाज. दुसरा माणूस तिथेच उभा होता. मामांनी त्याला हातानं थांबवलं. "माल मी थांबिवला. मीच बघतो."

खाली हात घालून चिमूट काढली. ओढली. दुसऱ्या जागची काढली, ओढली. तिसरी. तोंडातून 'एक नंबर' निघालं असतं तर आमच्या शेठनी पुन्हा उघडूनही पाहिलं नसतं, मामांवर इतका भरवसा. हे व्याह्यांनाही माहीत होतं. ते मामांच्या तोंडाकडे बघत होते, अंगठ्यांकडे नाही.

"दोन नंबर," मामा म्हणाले.

मला राहवलं नाही. पुढे होऊन म्हटलं, "काका, चूक माझी आहे. कागद मी वाचला होता."

मामांनी मान हलवली. "कागद तिनं वाचला. जबान माझी व्हती."

व्याही चहाला थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी मामा कामावर आले नाहीत, नंतरही नाहीत. पालमला धाकट्या भावाकडे गेले, असं कळलं.

ड्यूटी परत लागली त्या दिवशी मी फोन केला नाही, एसटी धरली. मामा दारातच उभे होते. हातात गोधडीचा निघालेला दोरा.

"मामा, ड्यूटी परत लागली."

दोरा ओढायचा थांबला. "पक्कं?"

ओठावर आलेला शब्द मी गिळला. "आजचा कागद तसं म्हणतो."

"हां," ते म्हणाले. "आत्ता बीकॉम झालीस."

मुलीचं विचारलं. "दिवाळीला धाडली न्हाई त्यांनी. संक्रांतीला धाडतो म्हनलेत." मग थोडं थांबून, "म्हनलेत तसं."

मला सोडायला स्टँडवर आले. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ताडकळसकडून आलेली एक एसटी आत वळत होती. संक्रांतीला अजून दोन आठवडे होते. मामा भराभर तिच्या दाराकडे चालले होते, उतरणाऱ्या एकेका माणसाकडे बघत, अंगठ्यांत तो दोरा तसाच ताणलेला.