शालिकरामनं न बदललेला एक्सल

शालिकराम बावणेच्या पोटात सहा वर्षं एकच आग धुमसत होती, आणि ती विझावी अशी त्याची मुळीच इच्छा नव्हती. माणूस तसा साधा, बाप्पा. कामठी रोडवर, कन्हानच्या अलीकडे टिनाचं शेड, अंगात ग्रीसनं काळी पडलेली खाकी, वय चौपन्न. गाडीचा एक्सल खोलून बसवण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या नागपुरात नाही, असं लोक म्हणत. तोही म्हणे. खोटं काहून बोलायचं?

हा हात त्यानं बावीस वर्षं लकडगंजात, जितेंद्र गुल्हानेच्या गॅरेजात झिजवला. तिथं एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गाडीला नवं क्राउन-पिनियन टाकलं होतं. क्राउन-पिनियन म्हणजे एक्सलच्या पोटातली दातेरी जोडी, जी इंजिनाची ताकद चाकांना देते. तीन महिन्यांनी त्या माणसानं गाडी दुसरीकडं खोलली, तर जोडी भंगारातली निघाली, घासूनपुसून चमकवलेली. शिव्या देत तो गॅरेजात आला. ती जोडी जितेंद्रनं स्वतः आणून दिली होती, 'बिनडब्याचा माल आहे, टाकून दे' म्हणून. पण गिऱ्हाईक समोर उभं ठाकल्याबरोबर या भल्या माणसानं बोट केलं शालिकरामकडं. "यानंच नवा माल विकला असन." चौदा माणसांसमोर शालिकरामला हत्यारांची पेटी जमिनीवर उलटी करायला लावली. पेटीत काय निघणार होतं? पाने निघाले आणि फडक्यात बांधलेल्या दोन पोळ्या. तरी नाव गेलं ते गेलंच. आणि जितेंद्र? चोर तो चोर, वर शिरजोर.

वर्षभर कोणी त्याला पंक्चरसुद्धा काढायला दिलं नाही. तेव्हा त्याच्या बाजूनं एकच माणूस उभं राहिलं, त्याची बायको गोपिका. "यांच्या हातानं खोटं काम होतच नाही," असं तिनं मोहल्ल्यात सांगितलं, नळावर सांगितलं. तिचा सख्खा भाऊ बळीराम बोलून गेला, की आग असल्याशिवाय धूर निघत नाही वं. तर ती भरल्या ताटावरून उठली आणि तेव्हापासून माहेरी गेलीच नाही. नवऱ्याला मात्र तिनं एका शब्दानं विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

मग शालिकरामनं स्वतःची एक रीत पाडली. काम झालं की गिऱ्हाइकाला गाडीजवळ उकिडवं बसवायचं. जॅकवर एक चाक उचलायचं, इंजिनाकडून एक्सलला येणाऱ्या शाफ्टवर खडूची रेघ मारायची आणि चाक दोनदा फिरवायचं; जोडीचं चाक जमिनीवर अडलेलं, म्हणून दोन फेरे मिळून एकच धरायचा. तेवढ्यात शाफ्ट किती वेळा फिरला ते गिऱ्हाइकानं मोजायचं. आत कोणते दात बसलेत, ते न खोलता कळतं. "मी नाही सांगत, तुम्हीच मोजा," तो म्हणायचा. या खडूच्या जोरावर सहा वर्षांत गेलेलं नाव हळूहळू परत आलं. कोळशाच्या खाणीवरच्या गाड्याही त्याच्याकडं येऊ लागल्या.

आणि एके दिवशी त्याच शेडपुढं जितेंद्र गुल्हानेची पांढरी डिझेल पिकअप येऊन थांबली. चारही चाकं ओढणारी, नवीकोरी. टायर एवढे मोठे की माणसाच्या मांडीला लागतील.

"कसा आहे गा, शालिक?" जितेंद्र हसत उतरला. माणसाला लाज नसावी म्हणजे किती नसावी?

"बरा आहो, भाऊ." जुन्या सवयीनं तोंडातून 'भाऊ' निघालं आणि शालिकरामला स्वतःच्या जिभेचाच राग आला.

"मिहानच्या तिकडं टेकडीवर प्लॉट घेतला. त्याच्यासाठी मोठे टायर टाकले, तं गाडी दमून राहिली. चढावर जीव नाही. माह्या मिस्त्र्यायनं हात लावला, अजून दोन गॅरेजवाल्यांनी लावला, पण ओढ काही वाढली नाही. हे काम तुह्यच आहे. जुनं सोड नं आता. झालं गेलं गंगेले मिळालं."

ज्यानं घाण केली तोच गंगा दाखवतो! शालिकरामच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण तो बोलला एवढंच, "ठेवून जा."

दुखणं सोपं होतं. गाडीत पिनियन दहा दातांचं आणि क्राउन सदतीस दातांचं. गाडी चालताना चाक एकदा फिरायला शाफ्ट जवळपास पावणेचार वेळा फिरायचा. सडकेवर पळायला हे बरं, पण मोठ्या टायराला ओढ पुरत नाही. जितेंद्रनं भंगारात निघालेल्या एका गाडीचे दोन एक्सल आणले होते, पुढचा आणि मागचा. त्यात नवाला एक्केचाळीस, म्हणजे साडेचार फेरे. पळ कमी, ओढ जास्त. दोन्ही एक्सल बदलायचे की झालं.

दोन्ही. इथंच शालिकरामचं डोकं फिरलं.

त्यानं मागचा एक्सल बदलला, आणि इतका छान बसवला की आवाज म्हणून नाही. पुढचा मात्र खाली काढला, डिझेलनं धुतला, काळा रंग मारला आणि तोच परत चढवला. भंगारातून आलेला पुढचा एक्सल शेडच्या मागं ताडपत्रीखाली ढकलून दिला. सडकेवर पुढची चाकं नुसती घरंगळतात, तिथं काही कळणार नाही. पण ज्या दिवशी हा शहाणा चढावर चारही चाकं जोडेल, त्या दिवशी मागचा शाफ्ट एका चालीनं ओढेल आणि पुढचा दुसऱ्या. दोघं मधल्या एकाच गिअरच्या डब्यात बांधलेले. डबा फुटल्याशिवाय राहणार नाही, आणि तोही चारचौघांत. नट आवळता आवळता शालिकराम चक्क गाणं गुणगुणत होता.

गाडी न्यायला जितेंद्र आला, तेव्हा शालिकरामनं रीतीप्रमाणं मागचं चाक उचलून खडू मारला. जितेंद्रनं मोजलं, साडेचार.

आता जितेंद्रनं पुढचंही मोजू म्हटलं असतं, तर सगळं तिथंच उघडं पडलं असतं. शालिकरामनं घाईघाईनं जॅक खाली घेतला.

"पुढचं राहू दे गा," जितेंद्र उठत म्हणाला. "तुह्या कामात काय पाहाचं? बावीस वर्षं पाहिलं नं म्या. तुह्या हातानं खोटं काम कधी झालं नाही."

अरे, मग त्या दिवशी चौदा माणसांसमोर हे तोंड कुठं गेलं होतं? हेच एक वाक्य ऐकायला शालिकराम सहा वर्षं तडफडला होता, आणि ते या मेल्यानं कोणी नसताना, जाता जाता फेकलं. 'थांबा भाऊ, पुढचं राहिलं आहे' हे शब्द ओठावर आले होते. त्यानं ते गिळले आणि किल्ली देऊन टाकली.

आठवड्यानं चहावाल्याकडून खबर आली. प्लॉटचं भूमिपूजन होतं. भटजी, पाहुणे, सगळे टेकडीवर. जितेंद्र पिकअपमध्ये सामान आणि चार बडे लोक घेऊन मुरमाच्या चढाला लागला. त्यानं चारही चाकं जोडली. गाडी धड दहा पावलंही चढली नाही. खाडकन आवाज झाला, मधला डबा उभा चिरला आणि सगळं ऑईल खाली. पाहुण्यांना पायी चढावं लागलं, पांढरे कपडे लाल करून. मुहूर्त टळला तो टळलाच. शालिकराम पोट धरून हसला. दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले, वर चहा प्याला. असा गोड दिवस त्याच्या नशिबात कित्येक वर्षांत आला नव्हता. गोपिकानं विचारलं, काय झालं एवढं? तो म्हणाला, काही नाही वं, असंच.

चौथ्या दिवशी भर दुपारी क्रेनला लटकलेली पिकअप शेडपुढं आली. मागून जितेंद्र, आणि त्याच्यासोबत कामठी रोडवरचे आठ-दहा मिस्त्री. त्यानं एकेकाच्या दुकानातून बोलावून आणले होते. गोपिका नेमकी तेव्हाच डबा घेऊन आली होती.

जितेंद्र ओरडला नाही. त्यानं फळीवरचा खडू उचलला, पुढचं चाक जॅकवर घेतलं, शाफ्टवर रेघ मारली आणि चाक दोनदा फिरवलं. "मोजा," तो मिस्त्र्यांना म्हणाला. त्यांनी मोठ्यानं मोजलं. चार फेरेही भरले नाहीत.

"मागं साडेचार, पुढं पावणेचार. मंग माहा दुसरा एक्सल कुठं गेला?"

तो कोपरे धुंडाळत शेडच्या मागं गेला आणि त्यानं तिथली ताडपत्री ओढली.

या ताडपत्रीचा विचार शालिकरामनं एकदाही केला नव्हता. सूड घेण्याच्या नादात तो माल आपल्याकडं पडून आहे, एवढं साधं भान त्याला राहिलं नव्हतं. आता सांगणार काय? विकायला नाही ठेवला, गाडी फोडायला ठेवला, असं? चोर नाही म्हणायचं तर दगाबाज म्हणवून घ्यायचं. 

"आताशा लोक मले म्हणून राहिले होते, शालिक असा नाही," जितेंद्र म्हणाला. "पाहून घ्या." एक्सल क्रेनवर चढवून तो निघून गेला. मिस्त्रीही एकेक करून पांगले. त्यांच्यातला एक जाता जाता दुसऱ्याला म्हणाला, "मंग लकडगंजचंही खरंच होतं म्हणा."

गोपिका डबा हातात धरून तिथंच होती. "अवो, तुम्ही बसवाचं विसरले असान," ती हळूच म्हणाली. "तसं सांगाचं होतं नं त्यायले."

"विसरलो नाही. मुद्दाम केलं. त्याले त्याची जागा दाखवाची होती."

 तिनं पदरानं तोंड पुसलं, डबा फळीवर ठेवला.

"लकडगंजचं तरी खरं सांगा मले."

सहा वर्षांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं होतं.

"ते मी नाही केलं, गोपिका. तुही शपथ."

"बरं," ती म्हणाली. ती त्याच्याकडं बघत नव्हती. तिचा विश्वास बसला नाही, हे शालिकरामला दिसलं, आणि तिला मोजून दाखवावं असं त्याच्याजवळ काहीच नव्हतं.