रडकीची जागा

"हात धुतलं का?"

भिंगारला मिस्त्रींच्या दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न हाच. जेवायला बसणाऱ्याला विचारतात तसा. जेवण सोडा, चहाचीही खात्री नसायची. गाणी ऐकायला हात कशाला धुवायचे, असं मी एकदा विचारलं. "रेकॉर्डीला हात लावायचा मोह झाला तर?" म्हणाले. लावला असता तर मनगट धरलं असतं, हेही मला ठाऊक होतं. तुमच्याही आळीत असा एखादा असेलच, फार हसू नका.

लष्कराच्या डेपोत मी कारकून, ते सुतार. एका कॅप्टनची बदली झाली, तेव्हा सामानाची खोकी मिस्त्रींनी ठोकली. कॅप्टन मागे प्रशिक्षणाला अमेरिकेत जाऊन आले होते आणि येताना तिकडच्या कृष्णवर्णीय गायकांच्या चाळीसेक रेकॉर्डी घेऊन आले होते. त्या खोक्यांत काही मावेनात. "मिस्त्री, तुम्हीच ठेवा," म्हणाले, आणि जुना प्लेअरही देऊन टाकला. या संगीताला सोल आणि फंक म्हणतात, जगभर लोक त्यापायी वेडे आहेत, असं माझा मुलगा हल्ली सांगतो. असतील. भिंगारला तेव्हा एकच वेडा होता आणि त्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

नावं वाचता येईनात, म्हणून त्यांच्या बायकोनेच रेकॉर्डींचं बारसं केलं. धडधडत सुटते ती 'मळणी'. जिच्यात एक बाई हळू सुरू करते आणि पुढे सगळ्या वाजवणाऱ्यांना झापत सुटते, ती 'पाटलीण'. आणि जिच्यात एक माणूस दाटल्या गळ्याने गातो, ती 'रडकी'. रडकी लागली की वहिनींचा भाकरी थापणारा हात थांबायचा. हा बाप आहे आणि पोरीला सासरी पाठवतोय, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांची एकुलती लेक राहुरीला दिलेली, तेव्हा या विषयात त्यांना अधिकार होता.

मी पडलो मॅट्रिक पास. शहाणपण दाखवल्याशिवाय कसा राहीन? म्हटलं, "मिस्त्री, हा बाप नाही हो. सोडून गेलेल्या बायकोला परत ये म्हणतोय."

मिस्त्रींनी सुई उचलली. "भाऊसाहेब, तुमी इंग्रजी शिकला. रडनं न्हाई शिकला."

पुढचे दोन रविवार मला बोलावणं आलं नाही.

मग वहिनी काविळीने गेल्या. तेव्हापासून रविवारच्या दुपारचा क्रम पक्का झाला. आधी मळणी, मग पाटलीण, मग रडकी, आणि शेवटी पुन्हा मळणी. "रडत कुनी घरी जाऊ नये," म्हणायचे. वहिनींचं त्या घरात जे काही उरलं होतं, ते त्या तिसऱ्या रेकॉर्डीत होतं.

बहात्तरच्या उन्हाळ्यात, अशाच एका रविवारी, दारात एक बाई उभ्या राहिल्या. कपाळ मोकळं. कॅप्टनच्या पत्नी. आदल्या डिसेंबरच्या लढाईत कॅप्टन गेले, हे डेपोत सगळ्यांना कळलं होतं.

"मिस्त्री, त्यांनी दिलं ते तुमचंच आहे," त्या म्हणाल्या. "पण एक रेकॉर्ड आम्ही लग्नानंतर रोज लावायचो. तेवढी मिळाली तर." आणि त्यांनी दोन ओळी गुणगुणल्या. रडकी.

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "ती फुटली, बाईसाहेब."

रडकी माझ्या डोक्यावरच्या फळीवर होती. फळीच्या मापात सूतभर खोटं न बोलणारा माणूस हा, आणि माझ्यादेखत बोलला. बाई "बरं" म्हणाल्या आणि निघाल्या. त्यांनी रागावून काही बोलायला हवं होतं, सगळ्यांनाच सोपं गेलं असतं.

त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या असतील. मिस्त्री उठले आणि भर उन्हात अनवाणी धावले. त्यांचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला.

"बाईसाहेब, हात धुतलं का?"

बाईंनी काही न विचारता नळावर हात धुतले. मिस्त्रींनी रडकी एकदा लावली. "बाप पोरीला सासरी पाठवतोय," त्यांनी समजावून सांगितलं. "आमची ही सांगायची."

बाई कॉन्व्हेंटात शिकलेल्या. शब्दन् शब्द कळत असणार. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "हो, मिस्त्री. तेच म्हणतोय."

मला माझ्या मॅट्रिकची लाज वाटली, खरंच सांगतो. मिस्त्रींनी पातळ फळ्यांची पेटी केली, आत कापूस घातला आणि रडकी सासरी पाठवल्यासारखी पाठवली.

पुढच्या रविवारी मळणी झाली, पाटलीण झाली. मग मिस्त्रींनी प्लेअरची रिकामी थाळी तशीच फिरत ठेवली. मी चपला शोधायला लागलो.

"बसा, भाऊसाहेब. रडकी चालू हाय."

बसलो. तीन मिनिटं थाळी फिरली, मग मळणी लागली.

मिस्त्री जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या लेकीने राहुरीहून येऊन प्लेअर आणि रेकॉर्डी माझ्याकडे पोचवल्या. "बाबांनी तुमाला द्यायला सांगितलंय," म्हणाली. "आन् हात धुवायला सांगितलंय."

रविवारी दुपारी हात धुऊन मी मळणी लावतो, मग पाटलीण. मग थाळी नुसती फिरत राहते. स्वयंपाकघरातून बायको विचारते, "बंद पडलं का हो?"

"चालू आहे गं," मी डोळे पुसत सांगतो. "बाप पोरीला सासरी पाठवतोय."