कॅमेरा बघायला गेलो आणि मलाच बघितलं : पातालपाणी ते कालाकुंड

डिसेंबरातला पहिला रविवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. इंदुरातल्या अन्नपूर्णा मंदिराजवळच्या आमच्या खोलीत मी निळ्या शर्टाच्या कॉलरला दुसऱ्यांदा इस्त्री करत होतो.

"कॅमेरा घ्यायला चाललास की मुलगी बघायला?" आई म्हणाली.

मी कॉलर उलटी करून परत इस्त्री फिरवली. खरं तर त्या दिवशी कॅमेऱ्याचे मालकच मला बघणार होते.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी अकरावीनंतर शाळा सोडली आणि सध्या पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. मुंजी, बारशी, वाढदिवस यांचे फोटो स्वतः काढायचे, अशी इच्छा आहे. नवीन प्रोफेशनल कॅमेरा माझ्या आवाक्याबाहेरचा. परदेशीपुऱ्यातले रणदिवे काका तीस वर्षं एका पेपरात फोटोग्राफर होते. उजवा खांदा गेल्यामुळे ते त्यांचा जुना डिजिटल कॅमेरा लेन्ससकट पंचवीस हजारांत विकताहेत असं कळलं, तेव्हा मी धावत गेलो. त्यांनी कॅमेरा दाखवला, माझ्या हातात मात्र दिला नाही.

"पैशाचं नंतर बघू," ते म्हणाले. "आधी तू काय चीज आहेस ते बघतो. रविवारी पातालपाणीला चल आमच्याबरोबर. दिवसभर कॅमेरा तुझ्या गळ्यात. संध्याकाळी सांगतो, देतो का नाही. आणि सुन, एक पार्टी आली आहे. स्पेअर पार्टसाठी मागते. तुला नाही जमलं तर तिला देऊन टाकीन."

एवढा कॅमेरा खोलून त्याचे पुर्जे काढणार, या विचाराने मला आठवडाभर नीट झोप लागली नाही.

ज्यांना ही सहल करायची आहे त्यांच्यासाठी : इंदूरहून महूपर्यंत भरपूर बस आहेत, महूहून पातालपाणी स्टेशनला ऑटो मिळते. ऑटोचं भाडं बसण्याआधी ठरवा. पातालपाणी ते कालाकुंड ही छोट्या रुळांची जुनी गाडी साधारण पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत, सुट्टीच्या दिवशी धावते. काचेच्या मोठ्या खिडक्यांच्या डब्याचं तिकीट अडीचशेच्या वर आहे, साध्या डब्याचं वीस. आम्ही साध्यात बसलो, कारण काकांच्या मते काचेतून फोटो काढणारा माणूस आळशी असतो. वेळ आणि भाडं बदलत असतं, निघण्याआधी चौकशी करा.

स्टेशनवर काकांनी कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. लेन्ससकट दोन किलोंच्या वर वजन. मी पट्टा दोनदा तपासला, मग तिसऱ्यांदा.

"तुटत नाही तो," काकू म्हणाल्या. रणदिवे काकू म्हणजे लहानखुऱ्या, मोठ्या आवाजाच्या आणि पिशवीत कायम लसणाची शेव असलेल्या. "दंग्यात पडला, पाण्यात पडला, माझ्या लोणच्याच्या बरणीवर पडला. बरणी फुटली."

मग काकांनी खिशातून जखमेवर लावायची रुंद चिकटपट्टी काढली आणि कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर डकवून टाकली.

"काका, हे काय?"

"पहिली अट. फोटो काढून मागे बघायचं नाही. तू मागे बघतोस तेवढ्यात पुढचं निघून जातं. दुसरी अट, नाव नाही तर फोटो नाही. ज्याचा फोटो काढशील त्याला नाव विचार आणि लगेच कॅमेऱ्यात बोल. यात माईक आहे. फोटो झाला की आपोआप ऐकतो. पेपरात नाव चुकलं की दुसऱ्या दिवशी माणूस दारात उभा राहतो भिया." आमच्या इंदुरात भाऊ म्हणजे 'भिया'.

आता, हे वाचणाऱ्यांना माझ्याबद्दल एक गोष्ट माहीत नाही. अनोळखी माणसाला वेळ विचारायचीही मला भीती वाटते. दुकानातसुद्धा मी "हनुवटी थोडी वर" एवढंच बोलतो. त्यामुळे दुसरी अट ऐकून माझ्या हातांना घाम सुटला, आणि पहिलीमुळे तो घाम वाढला.

गाडी सुटली. दरी डाव्या हाताला उघडत गेली, धबधबा आता बारीक झाला होता, पण उन्हात चमकत होता. गाडी तिथे थांबते तेव्हा सगळे खाली उतरतात. मी उतरलो आणि झाडासारखा उभा राहिलो. मला कोणाला विचारावंच लागलं नाही. एवढा मोठा कॅमेरा पाहून कॉलेजच्या मुलांचं टोळकंच माझ्याकडे आलं.

"भिया, प्रेसवाले हो क्या? पेपर में आएगा?"

"नहीं," मी म्हणालो.

मागून काकांनी कपाळावर हात मारला. "अरे, 'देखते हैं' बोल ना यार!"

पण तोवर ते माझ्या 'नहीं'वरच एवढे हसले की मी बटण दाबलं. जुन्या कॅमेऱ्याचा आवाज नव्यासारखा दबका नसतो, कडी घातल्यासारखा खाडकन येतो. मी नावं विचारली, त्यांनी सांगितली, मी बोललो. नंतर बोगद्यातून बाहेर पडताना किंचाळणाऱ्या जुळ्या बहिणी आल्या. नातवाला खिडकीतून दरी दाखवणारे एक आजोबा आले, त्यांनी नावाबरोबर गोत्रही सांगितलं. कालाकुंड येईपर्यंत मी पंधरा-वीस लोकांशी बोललो होतो, आणि मला ते दुपारी कळलं.

कालाकुंड म्हणजे डोंगरात विसरलेलं एक छोटं स्टेशन. तिथे फलाटावर पानाच्या द्रोणात कलाकंद मिळतो, आणि त्यासाठीच अर्धी गाडी आलेली असते. कोमट, रवाळ, बेताचा गोड. तो विकणाऱ्या काकींनी नाव सांगायला साफ नकार दिला.

"पहले खाओ. अच्छा लगे तो नाम बताऊँगी."

मी खाल्ला. "अच्छा है" म्हणालो. त्या म्हणाल्या, "अच्छा है ऐसे मरे मन से बोलते हैं क्या?" मग मी मोठ्याने बोललो, शेजारचे चार लोक वळले, आणि त्यांनी नाव सांगितलं : रामकलीबाई. आणखी एक द्रोण घ्यायला लावला ते वेगळं.

इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावायला वेळ लागतो. काका ते बघायला गेले. काकू बाकावर बसून कलाकंद खात होत्या, मागे इंजिन वळत होतं. मी त्यांचा फोटो काढला. सकाळपासून बरोबर असलेल्या माणसाचं नाव काय बोलायचं, म्हणून मी नुसतं "काकू" म्हणालो आणि शेजारी बसलो.

"ऐक," त्या म्हणाल्या, "पार्टी-बिर्टी काही नाहीये. कोणी मागत नाही आता तो. तुझ्याआधी तीन पोरं आली होती. एक बूट घालून आत आला, एक फार बोलतो म्हणे, एकाचे हात घामेजतात. तिघंही नापास. यांना द्यायचाच नाहीये रे. दर रविवारी कपाटातून काढतात, अंगणातल्या जास्वंदीचा एक फोटो घेतात, आणि मग मंगळवारपर्यंत मी खांद्याला बाम चोळते. तुला नाही म्हणाले तर मनाला लावून घेऊ नकोस. पण मला विचारशील तर घेऊन जा तो, बाबा. घेऊन जा."

मी माझे हात पँटला पुसले.

परतीचा प्रवास मला फारसा आठवत नाही. डब्यात सगळे शेव-परमल, म्हणजे शेव घातलेले कुरमुरे, खात होते, जुळ्या बहिणी झोपल्या होत्या, आणि मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो : ज्या माणसाला द्यायचंच नाही त्याच्या परीक्षेत पास कसं व्हायचं?

संध्याकाळी परदेशीपुऱ्यात काकांच्या घरी बसलो. काकांनी कार्ड काढलं. हे जुन्या प्रकारचं मोठं चौकोनी कार्ड आहे, घेणार असाल तर कार्ड रीडरही मागून घ्या, राजवाड्याच्या बाजारात मला दोन दुकानं फिरूनही मिळाला नाही. त्यांनी ते कॉम्प्युटरला लावलं, पण फोटो उघडलेच नाहीत.

"आधी आवाज," ते म्हणाले. "नावं नीट घेतलीस का बघू."

पहिला आवाज. मुलांची नावं, हसणं. मग आवाज थांबायला हवा होता, पण थांबला नाही. स्पीकरमधून माझाच आवाज आला : "देवा, पट्टा नीट आहे ना, देवा, कॅमेरा पडू देऊ नको."

मी काकांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "मिनिटभर ऐकतो तो. पुढचा फोटो काढला तर त्याआधीच थांबतो. सांगितलं नव्हतं का?"

नव्हतं सांगितलं. मी काकूंकडे पाहिलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात चहाचं गाळणं धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की कालाकुंडच्या बाकावरच्या त्या मिनिटाचा हिशोब त्यांनीही केला होता.

"अहो, चहा घ्या आधी," काकू म्हणाल्या.

"आण ना. ऐकता ऐकता पितो."

"काका, बाकीचं उद्या ऐकलं तर?" मी म्हणालो.

"का? काय केलंस तू?"

जुळ्या बहिणी झाल्या. गोत्रवाले आजोबा झाले. रामकलीबाईंचं "मरे मन से" ऐकून काका खदखदून हसले. मग माझा आवाज आला, "काकू", आणि लगेच त्यांचा, ठणठणीत : "ऐक, पार्टी-बिर्टी काही नाहीये..."

बूट, बोलणं, घामेजलेले हात, जास्वंद, बाम, सगळं ओळीने आलं. काकांचा डावा हात उजव्या खांद्यावर गेला होता. "घेऊन जा" ऐकू आलं आणि आवाज संपला.

"मंगळवार नाही," काका म्हणाले. "बुधवारपर्यंत चोळतेस."

"बुधवारपर्यंत," काकू म्हणाल्या.

मग काकांनी त्या आवाजाचा फोटो उघडला. काकू हसत होत्या, हनुवटीला कलाकंदाचा कण, हातात द्रोण. मागे धूसर इंजिन आणि इंजिनापाशी पाठमोरे, एक खांदा खाली गेलेले काका. त्यांनी फोटो मोठा केला, काकूंच्या डोळ्यांपाशी नेला आणि पापण्या दिसेपर्यंत मोठा करत राहिले. बारा मेगापिक्सेल. आजच्या मोबाईलपेक्षा कमी आकडा, पण एकेक पापणी वेगळी दिसत होती.

"फोकस बरोबर आहे," ते म्हणाले.

त्यांनी कॅमेरा मांडीवर घेतला, नखाने चिकटपट्टीचा कोपरा सोडवला आणि हळूच, काचेला ओरखडा येणार नाही अशा बेताने, ती ओढून काढली. "आता मागे बघितलंस तरी चालेल." आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. माझे हात ओले होते. त्यांनी ते पाहिलं आणि पट्टा माझ्या गळ्यात घातला.

घरी आलो तर आई जागी होती. कॅमेरा पाहून तिने उचलून बघितला आणि लगेच ठेवून दिला. "हे तर वरवंट्यासारखं आहे रे." मी तिला रामकलीबाईंचा आवाज ऐकवला, मग जुळ्यांचा, मग आजोबांचा. ती तिसऱ्यांदा गोत्र ऐकत असताना माझ्या लक्षात आलं की दिवसभरात मी एकदाही शर्टाची कॉलर नीट केली नव्हती.

जुना प्रोफेशनल कॅमेरा घ्यावा का, असं कोणी विचारलं तर : मान दुखते, व्हिडिओ नाही, कार्ड शोधावं लागतं. बॅटरी मात्र दिवसभर चालली, आणि लोक स्वतःहून येऊन बोलतात. घ्या.

खर्च. बस आणि ऑटो, माझ्या वाटचे, जाऊन-येऊन : एकशे ऐंशी. गाडी, दोन्ही वेळची : चाळीस. कलाकंद, दुसऱ्या द्रोणासकट : शंभर. काकांना रोख दिले : पंधरा हजार.

देणं. काकांचे दहा हजार, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक हजार. मोबाईलवरून पाठवायचे नाहीत, घरी येऊन द्यायचे. आणि कॅमेरा सोबत आणायचा.